पिंटूसाठी न केलेल्या मासवड्या

२५ मार्च, मंगळवार

"उद्यापासून हिच्यासाठी म्हणून चूल पेटवायची नाही." — बाई म्हणाली होती. आमच्यात आईला बाईच म्हणतात. बोरीच्या घरात, पिंटूच्या दीक्षेच्या आदल्या दिवशी. घर पाहुण्यांनी भरलेलं, पिंटूच्या हातांवर मेंदी, आणि बाईने मला कोठीच्या खोलीत ओढून हे सांगितलं. मला वाटलं, आता रडेल. नाही रडली. लापशी ढवळायला निघून गेली.

आज ते आठवलं, कारण दुपारी स्थानकातून — आम्हा जैनांच्या उपाश्रयातून — निरोप आला. पाडव्याला साध्वीजी जुन्नरात येताहेत. त्यांत विरतिजी महाराज आहेत. म्हणजे आमची पिंटू! माझी धाकटी बहीण! इतकी वर्षं कधी मारवाडात, कधी कर्नाटकात — पायी, सतत पायी. मधे एकदाच दिसली, बाई गेल्यावर, तीही गर्दीत.

मला एकच हवंय. माझ्या हातचा एक घास तिच्या पातऱ्यात, भिक्षेच्या पात्रात, पडावा.

२७ मार्च

सोपं नाही हे. गोचरीला — भिक्षेला — कधी येणार, कुणाच्या दारी येणार, त्या सांगत नाहीत. बोलावलं तर येत नाहीत. नेऊन दिलं तर घेत नाहीत. मुद्दाम त्यांच्यासाठी केलेलं तर मुळीच चालत नाही. घरच्यांसाठी शिजलेल्यातलं थोडंसं, तेवढंच.

हे दुकानातून जेवायला आले तेव्हा विचारलं. म्हणाले, "आपण खातो ना ते? मग आपल्यासाठीच झालं की!" जन्मभर कापड विकलं की माणूस असा होतो.

तर आता घरच्यांसाठी मासवडी करायची. रोज. तीळ, खसखस, सुकं खोबरं आणलं. घरच्यांसाठीच. — कुणाला पटवतेय मी?

२८ मार्च

बोरीत पिंटूला शेजारच्या घरची मासवडी आवडायची. कांदा-लसणाची! आमच्या घरात लसूण उंबऱ्याच्या आत येत नसे. ही तिकडे गपचूप खायची आणि येताना पेरूचा पाला चावत यायची. बाई तोंडाचा वास घ्यायची — "आज फार पाला खाल्लास गं!" मग बाईनेच तीळ-खोबऱ्याची, बिनलसणाची करायला घेतली. वर भरपूर कोथिंबीर. पिंटू त्यावरची कोथिंबीर आधी वेचून खायची.

आणि ही पोर महाराज झाली!

३० मार्च, पाडवा

आल्या.

आम्ही बायका वेशीपर्यंत सामोऱ्या गेलो होतो. पांढऱ्या कपड्यांतल्या चौघी, तोंडावर मुहपत्तीची पट्टी. चालीवरून ओळखली मी तिला — उजवा पाय किंचित बाहेर टाकते, अजून. टाचा पार भेगाळलेल्या. मी वाकले. मोठी असून मीच वाकायचं असतं. ती म्हणाली, "दया पालो." सगळ्यांना हाच आशीर्वाद देते, तसाच. डोळे मात्र क्षणभर माझ्यावर थांबले. की मलाच तसं वाटलं?

माझी लेक डिंपल शेजारी उभी होती. परीक्षेच्या सुट्टीला पुण्याहून आलीय, बळेच आणली होती तिला. घरी येताना म्हणाली, "मावशी कसल्या शांत आहेत गं." मी म्हटलं, मावशी म्हणायचं नसतं. महाराज म्हण.

१ एप्रिल

मासवडी झाली. ठमाबाई शेजारून मदतीला आल्या. मी पिठलं ओल्या फडक्यावर थापलं, त्यांनी सारण पसरून अशी काय वळकटी केली! मी सारखी दाराकडे बघते म्हणून हसायला लागल्या. "शेटाणी, तुमच्या म्हाराजांचं लई अवघड हाय बगा. आमचं बरं. पावणा आला का ताट वाढायचं. कुनासाठी केलं, इच्यारतोय कोन!"

आल्या नाहीत. आम्हीच खाल्ली.

दुपारी मी स्थानकात गेले तर पिंटूने सुई मागितली. चादर फाटली होती. सुईसुद्धा त्या जवळ ठेवत नाहीत, दिवस मावळायच्या आत परत करतात. संध्याकाळी मी सुई आणायला डिंपलला पाठवलं, आणि हळूच सांगितलं — आज कुठल्या गल्लीत गेल्या होत्या, विचारून ये. "आई, मला हेर केलंस का?" पण गेली.

२ एप्रिल

पुन्हा मासवडी. हे म्हणाले, "आता दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही वाटू का?"

डिंपल आजही सुई आणायला गेली. लवकर गेली, उशिरा आली. म्हणते, टाका कसा घालायचा ते महाराजांनी दाखवलं. डिंपलने सुई हातात धरली! मी इतकी वर्षं मागे लागले, बटण लावायला शिकली नाही ही पोर!

पिंटूचा टाका होताच तसा. बोरीच्या ओट्यावर आम्ही दोघी दसूती भरायला बसायचो. बाई आली की कापड उलटं करून बघायची. माझ्या मागच्या बाजूला गाठींचं जाळं. पिंटूची मागची बाजू पुढच्यासारखीच. "सुलटं कुणीही भरतं," बाई म्हणायची.

मीही डिंपलच्या लग्नासाठी चादर भरायला घेतलीय, मोरांची. एक मोर झाला. मागची बाजू अजूनही तशीच, गाठींची!

३ एप्रिल

काय करून बसले मी!

उद्यापासून ओळीचं व्रत. नऊ दिवस आयंबिल — तेल, तूप, दूध, साखर, मसाला काही नाही, एकदाच कोरडं खायचं. मासवडीचा आज शेवटचा दिवस होता. सकाळी करून ठेवली, वड्या पाडल्या, रस्सा उकळला. आणि मला सुचलं — वर कोथिंबीर हवी! परसात माझ्या वाफ्यात कोवळी आलीय. काकडीच्या बियांना पाणी घालता घालता जुडीभर खुडली. वळले, तर दारात पिंटू!

बरोबर थोरल्या साध्वीजी. माझे हात ओले, मुठीत हिरवीगार कोथिंबीर. कच्चं, न उकळलेलं पाणी किंवा हिरवा पाला हाताला असला की त्या हातचं घेत नाहीत. माझ्या तोंडून "या ना, या ना" निघालं आणि मी कोथिंबीर खाली टाकली. ते तर आणखीच चूक, पानं दुखावली. थोरल्या म्हणाल्या, "राहू द्या, श्राविकाजी. आज योग नाही." आणि वळल्या.

पिंटूने माझ्या मुठीकडे पाहिलं होतं. मग आत, ओट्यावरच्या ताटाकडे. मुहपत्तीआड ती हसली का? गालाची वरची कड हलल्यासारखी वाटली. मग तीही गेली.

डिंपल वर होती, तिच्या हातून तरी दिलं असतं. हाक मारायचं सुचेपर्यंत दोघी गल्लीबाहेर गेल्या होत्या.

ठमाबाईंना सांगितलं. आधी हसल्या. मग माझं तोंड बघून पदराने माझे हात पुसले.

५ एप्रिल

मासवडी नाही. घरात मुगाची डाळ, भात.

मोगऱ्याला कळ्या धरल्यात.

७ एप्रिल

डिंपल आता दिवस मावळायच्या आत जेवते. उकळलेलं पाणी पिते. पुण्याला डाएटची नवी खुळं निघत असतात. मोबाईल दिवसभर चार्जिंगला लावलेला. मी म्हटलं, बरंय, डोळ्यांना विश्रांती.

१० एप्रिल, महावीर जयंती

मिरवणुकीत डिंपलने माझी जुनी पांढरी साडी नेसली. किती गोड दिसत होती! ह्यांनी फोटो काढला. बाई असती तर दृष्ट काढली असती.

११ एप्रिल, शुक्रवार

आज घेतलं तिने!

मी काही मनात धरलंच नव्हतं. ज्वारीच्या भाकरी थापत होते, रोजच्या. दारात सावली आली. डिंपल बाहेरच्या खोलीतून धावत आली. "आई, गॅसला हात लावू नकोस. पंखा राहू दे तसाच. पदर सावर. तिकडून नको, पलीकडून ये." मला एवढे नियम येत नाहीत!

हात पिठाने कोरडे होते माझे. पिंटूने टोपलीकडे बघून विचारलं, "हे कुणासाठी?"

"आमच्यासाठी," मी म्हटलं. आणि ते खरं होतं! कित्येक दिवसांत पहिल्यांदा खरं होतं.

तिने पातरं पुढे केलं. मी अख्खी घालणार, तिने हात आडवा धरला. अर्धी. ना तूप, ना चटणी. कोरडी अर्धी भाकरी पातऱ्यात पडली. पातरं तिने लगेच मागे घेतलं नाही. मग ती आणि थोरल्या साध्वीजी पलीकडच्या घरी गेल्या.

मी तव्यावरची भाकरी करपवली. हे जेवायला आले. करपलेलीच खाल्ली.

बाई, दिलं गं मी तिला.

१३ एप्रिल, रविवार

उद्या पहाटे साध्वीजींचा विहार, पायी मंचरकडे. डिंपल म्हणाली, "मी चालत जाते त्यांच्याबरोबर." मी म्हटलं, मंचरहून एसटीने ये, ऊन फार आहे. ती म्हणाली, "मंचरपर्यंत नाही, आई. पुढेही. कॉलेज नाही आता." हे ताटावरून उठून गेले. मी विचारलं, कधी ठरवलंस? "रोज संध्याकाळी थोडं थोडं."

सकाळी सगळे पाया पडून झाले की मी पिंटूपुढे वाकणार आहे आणि हळूच, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणणार आहे — पिंटू, माझ्या पोरीला तूच नाही म्हण. ती नाही म्हणायची नाही. मला माहीत आहे. तरी म्हणणार आहे.