पार्किंगचा उतार आणि दिव्यानीची सोयरीक

सिंदेवाही,
पोळ्याच्या आधीचा आठवडा

वडील मेहुणे वारलूभाऊ यांस सिंदेवाहीच्या जावयाचा नमस्कार पोचावा. (जावयानं मेहुण्याच्या पाया पडाची आपल्यात रीत नाई, म्हणून हा नमस्कार उभ्यानंच घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला गेला का? धानाचे रोवणे आटोपले का? इकडं आम्ही सारे मजेत आहो. ‘मजेत’ हे माझं मत. तुमच्या बहिणीचं मत वेगळं पडते. फोनवर तुमच्याशी बोलाले घेतलं की ती बाजूले उभी राहून माझ्या वाक्यावाक्याले दुरुस्त्या सांगते, म्हणून हे पत्र लिहून राह्यलो. कागदावर कोणी मधात बोलत नाई.

तुम्ही निरोप धाडला की प्रणितसारखं स्थळ मी काऊन परत पाठवलं. पोरगा तुमच्या गडचिरोलीचा, तुमच्याच शेजारचा, इंजिनिअर, खर्रा खात नाई, मोठ्यांशी ‘जी’ लावून बोलते. हे सारं मले मान्य आहे. पण त्यानं माझ्या पार्किंगमधी चूक काढली, भाऊ! आता माझी पोरगी दिव्यानी माझ्याशी कामापुरतंच बोलते, तुमची बहीण तेवढंही नाई बोलत, अन् तिकडं तुम्ही मलेच ‘बह्याड’ म्हणता असं कानावर आलं. तेव्हा पहिलेपासून ऐका अन् मंगच न्याय करा.

आमची बिल्डिंग खांबांवर उभी आहे, वर चार मजले अन् खाली गाड्या, हे तुम्ही पाह्यलंच. बिल्डरनं खालची जमीन अशी ओबडधोबड करून दिली की इकडं खड्डा, तिकडं टेंगूळ. पाणी जागोजागी साचे. मिटिंगमधी तिसऱ्या मजल्यावरचे गुरुजी म्हणाले, इंजिनिअर आणू. मी अध्यक्ष. मी म्हटलं, काहाचा इंजिनिअर? माझा अर्धा जन्म धानाच्या बांधीत गेला. पाण्याले कसं वागवाचं हे मले कोणी शिकवाचं? ठराव पास झाला. (गुरुजी काहीतरी पुटपुटले, पण ते नेहमीच पुटपुटतात.)

मंग मी बांधी सपाट करतो तशीच पार्किंग सपाट केली. पाणी सोडलं, अनवाणी मधात उभा राह्यलो, जिथी फरशी पाण्याच्या वर दिसली तिथी छिलली, जिथी पाय खोल गेला तिथी सिमेंटचा मसाला भरला. मिस्त्रीनं विचारलं, उतार कोणीकडं ठेवू? मी म्हटलं, उतार आळश्याच्या शेतात असते. शेवटी पाणी असं उभं राह्यलं जसं परातीत दूध. इकडं बोटभर तर तिकडंही बोटभरच! आता प्रश्न रस्त्याचा. दरवर्षी रस्त्यावर रस्ता चढवून तो आमच्यापेक्षा उंच झाला, अन् त्याचं पाणी सरळ गेटातून आत ये. म्हणून बांधीच्या कडेले असते तसा गेटावर सिमेंटचा धुरा घातला, गाडी चढेल-उतरेल असा गोल. गच्चीचे पाईप खांबावरून उतरून पार्किंगमधीच उघडतात, ते तसेच ठेवले. म्हटलं, गच्चीचं पाणी स्वच्छ असते, त्यानं कोणाचं काय बिघडते? लोकांनी मले नारळ दिला. शाल देणार होते, पण दुकान बंद होतं.

आता पाऊस लागला. रस्त्याचं पाणी धुऱ्यापाशी आलं अन् मुकाट्यानं परत गेलं. एक थेंब आत नाई! हे माझं काम, भाऊ, हे कोणी बोलत नाई. बोलतात ते एवढंच, की गच्चीवरून आत आलेलं पाणी बाहेर जाईना. अरे, धुरा आहे तो! तो पाणी अडवाले असते. इकडचं अडव अन् तिकडचं सोड, असं त्याले कोण समजावून सांगणार? अन् पाणीही पाहा कसं, साऱ्या गाड्यांखाली सारखं. कोणाले कमी नाई, कोणाले जास्त नाई. अध्यक्षानं यापेक्षा निःपक्षपाती काय असावं? तरी गुरुजी पँट गुडघ्यावर चढवून स्कूटर ढकलत नेतात अन् मुद्दाम माझ्या खिडकीखालीच खाकरतात. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी गेलं म्हणून लिफ्ट बंद केली. बेडकं आली, ती काही मी बोलावली नाई. अन् तुमची बहीण भर पावसात गॅलरीतून साऱ्या बिल्डिंगले ऐकू जाईल अशी मले विचारते, “धानाचे परे आणू का? रोवणा कधी लावता?”

अशा दिवसात पाहुणे आले. गेटापासून जिन्यापर्यंत विटांवर लाकडाच्या पाट्या टाकल्या होत्या. मुलाची आई, कलाबाई, करवती साडी आवरत अशी पाटीवरून चालत आली की मले वाटलं, आता पडते. पण पडली नाई. (पाट्या मीच ठेवल्या होत्या.) वर चहा-पोहे झाले, बोलणं छान झालं, सारं जमून आलं. दिव्यानी चहा घेऊन आली तर पोरगा खाली पाहून राह्यला. मले वाटलं, लाजून राह्यला, चांगल्या घरचा आहे. तो गॅलरीतून खाली पार्किंगच्या गेटापाशी साचलेलं पाणी पाहून राह्यला होता!

मंग त्यानं फार आदरानं विचारलं, फरशीले उतार कोणीकडं आहे. मी अभिमानानं सांगितलं, कोणीकडंच नाई. त्यानं पोह्याखालचा पेपर ओढला अन् त्यावर चित्र काढलं. फरशी लिफ्टपासून गेटाकडं उतरती पाहिजे. धुरा राहू द्या, पण धुऱ्याच्या आतल्या अंगानं रुंदीभर नाली पाहिजे अन् तिच्यावर लोखंडी जाळी. गाळ अन् ऑइल बसाले आधी एक खड्डा. गच्चीचे पाईप पार्किंगमधी सोडाचेच नाई, वरच्यावर बाहेर न्याचे. अन् रस्ता उंच आहे म्हणून पाणी आपल्या मनानं वर चढणार नाई, तर कोपऱ्यात टाकी अन् तिच्यात आपोआप चालू होणारी मोटर. सारं सांगून झाल्यावर म्हणते, “मामाजी, तुम्ही बांधी एक नंबर बनवली. पार्किंग बनवाची राहून गेली.”

सारे हसले. मले त्याचं काही नाई. पण सगळ्यात आधी दिव्यानी हसली, भाऊ. जिले मी खांद्यावर बसवून धुऱ्याधुऱ्यानं फिरवलं, ती पोट्टी त्याच्या बाजूनं हसली. मले फार लागलं. मी तिथल्या तिथी सांगून टाकलं की जो आज माझ्या फरशीत खोट काढते तो उद्या माझ्या पोरीत काढेल, ही सोयरीक होणार नाई. कलाबाई पुन्हा पाटीवरून गेली, या वेळी साडी न आवरता. प्रणितनं जाताना हात जोडले. मी पेपर वाचून राह्यलो होतो.

तर बोला, माझं काय चुकलं? मी माझ्या शब्दावर आहे. कलाबाईंना तसं स्वच्छ कळवा. वहिनीले नमस्कार, लेकरांले आशीर्वाद, अन् गुडघ्याले तेल लावत जा.

तुमच्या बहिणीचा नवरा अन् तिचं ऐकून घेणारा,
श्रावण

ता.क. कलाबाईंना एवढ्यात काही कळवू नका. त्यांना राग आला असेल, थोडा निवू द्या.

आणखी ता.क. पोरग्याचं म्हणणं खोटं पाडाले मी काल छिन्नीनं धुऱ्याचा एक तुकडा तोडून पाह्यला. म्हटलं, पाणी बाहेर जाते की नाई पाहू. रस्त्याचंच आत आलं. म्हणजे मोटरीचंही त्याचं बरोबर निघालं. हे गुरुजींना सांगू नका.

शेवटचं ता.क. पोळा झाला की प्रणितले इकडं धाडा. माझं नाव घेऊ नका, सिंदेवाहीत एका बिल्डिंगचं काम आहे म्हणा. (कळेल त्याले, पण तुम्ही घेऊ नका.) त्याच्या आईलेही येऊ द्या, पाट्या पक्क्या करून ठेवतो. उतार काढाले मिस्त्री पाणी भरलेली नळी धरून दोन्ही टोकांची पातळी पाहतात, ते एकट्याचं काम नाई, दुसरं टोक धरून कोणीतरी समोर उभं राहावं लागते. मी वरच थांबीन. दुसरं टोक दिव्यानी धरेल. तिले मी आज विचारलं. तिनं काम किती दिवस चालेल एवढंच विचारलं. मी सांगितलं, पोरी, चांगल्या कामाले घाई करू नये.