ओवीचा चौथा चरण आणि द्राक्षांच्या पेट्या

तासगाव,
१६ जानेवारी १९७४

रा. रा. लालासाहेब यांस, बालमित्र नानासोचा सप्रेम नमस्कार.

तुझा गुडघा आता कसा आहे? वहिनींचा दमा या थंडीत उसळला नसेल अशी आशा आहे. मी अंगाने ठीक, मनाने नाही. पत्रास कारण की, माझा अपमान झाला आहे, आणि तो सविस्तर ऐकून घ्यायला फौजेतून निवृत्त झालेल्या सुभेदाराइतका रिकामा माणूस मला दुसरा ठाऊक नाही.

इथल्या शाळेतल्या चौथीच्या बाई बाळंतपणाला माहेरी गेल्या आणि मुख्याध्यापिका राजमतीबाईंनी मला, पेन्शनीतल्या मास्तराला, पाडव्यापर्यंत वर्ग सांभाळायला बोलावलं. मी कोट झटकून गेलो. (खोटं कशाला बोलू, खडूचा वास आला आणि डोळे भरले.) वाटलं, कविता शिकवायच्या असतील. तर बाईंनी पदरात टाकले मोठ्या संख्यांचे गुणाकार-भागाकार. आपल्या साताऱ्याच्या शाळेतला कवितेचा तास आठव. खिडकीतून अजिंक्यतारा दिसायचा, गुरुजी टेबलावर बोटांनी ताल धरायचे आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा. (सगळा नव्हे. तू कवायतीत डावा-उजवा केल्यासारखं म्हणायचास, म्हणून गुरुजी तुला व्हरांड्यात उभं करायचे. योग्यच करायचे.) त्या तासाला म्हटलेलं मी अजून विसरलो नाही. मग गणितानेच काय घोडं मारलंय? दोन अंकी संख्येने गुणताना दुसरी ओळ एक घर डावीकडे सरकून बसते, हे मी चालीवर बसवलं आणि मुलं ते इतकं गोड म्हणू लागली की शेजारच्या वर्गातले गुरुजी दार लोटून घेऊ लागले. (असूया.) त्या उत्साहात भागाकाराची ओवी झाली:

भाग आधी लावावा । गुणाकार मांडावा ।
बाकीचा शोध घ्यावा । अंक उतरी ॥

एका ओवीत एक फेरी, की पुन्हा ओवी. ओवीचा चौथा चरण आखूड असतो, तिथे मन कसं अलगद टेकतं. पण हे तपासणीला आलेल्या साहेबांना कोण सांगणार? त्यांनी फळ्यावर गणित घातलं. द्राक्षांच्या नऊशे छत्तीस पेट्या बारा ट्रॉल्यांत सारख्या भरल्या, तर एकीत किती? वर्गाने ओवी धरली. सात आले, आठ आले, बाकी शून्य. उत्तर अठ्ठ्याहत्तर. पण गड्या, ओवी कुठे संपली होती? चौथा चरण राहिला होता. मुलांनी तो म्हटला, आणि म्हटल्यावर पाळायला नको? उतरवायला अंक शिल्लक नव्हता. फळ्याच्या माथ्यावर मात्र ‘इयत्ता ४ थी’ असं लिहिलेलं होतं. तो चार सगळ्या वर्गाने एकमताने खाली उतरवला. उत्तर सातशे ऐंशी, बाकी चार. पुन्हा चौथा चरण आला, मुलं फळ्यावरच्या तारखेकडे बघू लागली, तेवढ्यात साहेबांनी हात वर केला. म्हणाले, “गुरुजी, एवढ्या पेट्या भरल्या तर ट्रॉली पहिल्याच वळणाला आडवी होईल.” ट्रॉली तोलणं ड्रायव्हरचं काम, माझं काम ओवी तोलायचं. (हे मी मनात म्हटलं.) शिवाय वरून घेतलेला चार बाकीत जसाच्या तसा राहिला, हा आमचा प्रामाणिकपणा कुणाच्या ध्यानात आला नाही.

दुसऱ्या दिवशी बागाईतदार हंबीरराव तणतणत वर्गाच्या दारात. “आवं गुर्जी, पोरीनं सा भाकऱ्या तिगांस्नी वाटल्या. दोन-दोन, ब्येस झालं. मग ‘अंक उतरी’ म्हणाली, अन् शेजारच्या तानुबाईच्या शिंक्यातली एक उतरून आणली. म्हातारी आमच्या दारात बसून हाय.” कविता चुलीपर्यंत पोचली याचं कौतुक करायचं सोडून लोक भाकरी मोजतात.

आणि राजमतीबाई काय म्हणाव्यात? “शेवटच्या फेरीला चौथा चरण गाळा. पुढल्या सोमवारी मी वर्गात बसणार. अठ्ठ्याहत्तर आलं तर वर्ग तुमचा, नाहीतर घरी आराम करा.” आराम म्हणजे काय ते मी जाणतो. ओसरीवरची खाट, सुनेचं ‘चहा ठेवलाय’, आणि दुपारभर माशा. पण चरण गाळायचा? खाटेचा पाय काढून वर निजायला सांगण्यातला प्रकार. वर्ग गेला तरी बेहत्तर, चरण जाणार नाही, हे मी तुला ठणकावून कळवतो.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा,
नानासो

ता. क. तीन चरणांची ओवी करून पाहिली. लंगडते.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे पत्र एवढ्याचसाठी. तुझ्या त्या डाव्या-उजव्याचा एक गुण आता ध्यानात येतो. ते कितीही फेऱ्या चालतं, आणि ‘थांब’ म्हटलं की पाय जागच्या जागी राहतो. तेव्हा भाग, गुण, वजा, उतर हे त्यावर बसव. चाल कागदावर कळत नाही, म्हणून तूच एस. टी.ने रविवारच्या आत ये. गुडघा दुखत असेल तर बसून शिकव. (व्हरांड्यात नाही, वर्गात.) राजमतीबाईंना कल्पना माझी म्हणून सांगायचं.

ता. क. तिसरा. ‘थांब’ कुठे म्हणायचं ते मात्र मला घरीच शिकव. मुलांना ते येतं. त्या दिवशी अठ्ठ्याहत्तरवर ती सगळी थांबून माझ्याकडे बघत होती. टेबलावर बोटं माझीच वाजत होती.