करंजाची मिटलेली तोंडं

३ फेब्रुवारी
सोसायटीच्या गेटजवळचा करंज तोडायची परवानगी पालिकेकडे मागणार म्हणे, पार्किंगसाठी. सेक्रेटरी शहांची नोटीस. चार ओळींत सहा चुका. रविवारी मतदान. मी बोर्डावर शेजारीच उत्तर लावलं: हवेत कार्बन डायऑक्साइड जितका जास्त, तितकी पानांची रंध्रं मोठी उघडतात आणि तो गिळतात. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी शिकवलंय. दुपारपर्यंत त्याखाली अकरा सह्या.

५ फेब्रु.
भाची सोनल आली. कॉलेजात बॉटनी शिकवते. बोर्ड वाचून हसली.
"मावशी, उलटं लिहिलंयस. कार्बन वाढला की रंध्रं मिटत जातात."
"भरल्या ताटावर तोंड मिटायचं?"
"थोड्या फटीतूनही पुरेसा मिळतो ना. पाणी वाचतं."
सिस्टर चुकल्या, की माझंच लक्ष खिडकीबाहेर...

६ फेब्रु.
सोनलने मायक्रोस्कोप आणला. पानाला नेलपॉलिश लावायचं, वाळलं की चिकटपट्टीने सोलायचं. मी तासभर वरच्या बाजूला लावत बसले. काही दिसेना. "पान उलटं कर, करंजाची रंध्रं खाली असतात." दिसली. अर्धवट मिटलेल्या ओठांसारखी. कार्बनमुळे? "एका पानावरून कसं सांगू? ऊन असेल, पाणी कमी पडलं असेल." म्हणजे झाड कार्बन घेतं हे खरं, कदाचित जास्तच घेतं. तोंड वासतं हे खोटं. पाणी कमी सोडलं तर सावलीतला गारवाही कमी? "बहुतेक," म्हणाली. असल्या शास्त्राचं करायचं काय?

७ फेब्रु.
वरच्या मजल्यावरच्या रीटाला सांगितलं, रंध्रांची ती ओळ मी खोडतेय.
"अगं, त्याच ओळीवर तर सही केली मी. गप्प बस. शहाला काय कळतंय?"
शहाला नाही कळत. मला कळतंय ना. तरी अजून खोडलेली नाही.

८ फेब्रु., रविवार
सभेत उभी राहून चूक सांगितली. सगळी.
शहा म्हणाले, "मॅडम, हाँ या ना बोलो. पेड कार्बन खाता है?"
"खाता है. मगर मुँह फाडके नहीं, आपके जैसा."
हसले सगळे. मग चौघांनी सह्या मागे घेतल्या. रीटाने नाही घेतली, पण माझ्याशी बोलली नाही. हात मोजले: बरोबरीत. पुढच्या रविवारी पुन्हा.
मी गप्प राहिले असते, तर करंज आज वाचला असता का? बहुतेक. हा शब्द आता मलाही चिकटला.

९ फेब्रु.
सकाळी करंजाच्या बुंध्यावर चुन्याचा ताजा पट्टा. राखायचा म्हणून मारलाय, की तोडायची खूण? वॉचमनला विचारलं. म्हणाला, "साहबने बोला, लगा दो."