कंदील पुसणाऱ्याची बाजू

चि. खारूताईस,

मामाचे पोटभर आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. माझा गुडघा स्वतःच्या मर्जीनं बरा असतो आणि तुझी मामी माझी खोड मोडण्यापुरती नेहमीच बरी असते. तू जेवतेस का, झोपतेस का, हे विचारत नाही. ज्या अर्थी फोन उचलत नाहीस, त्या अर्थी दोन्ही करत नसशील. ताईकडून (म्हणजे तुझ्या आईकडून, ती आधी रडते आणि मग बातमी सांगते) सगळं कळलं. तुमच्या कंपनीच्या व्हिडिओ खेळाच्या दुसऱ्या भागावर लोक तुटून पडलेत, त्यातही तू बसवलेल्या नायकाच्या चालण्यावर. आता ते चालणं तूच काढून टाकणार, त्याला पुन्हा पळायला लावणार आणि मग नोकरीला रामराम ठोकणार. हे ऐकल्यापासून माझं कामात लक्ष नाही, आणि चष्म्याच्या दुकानात लक्ष नसलं की काय होतं ते पुढे येईलच.

तर मी तुझा खेळ विकत आणला. दुकानदारानं पहिला भागच घ्या म्हणून फार गळ घातली. दुसऱ्या भागाचं नाव काढल्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी नासलेलं दूध मागितलं. आपल्या दुकानातल्या टीव्हीवर एरवी फ्रेमच्या जाहिराती चालतात, त्यालाच तू दिलेलं खेळाचं यंत्र जोडलं. पहिल्या भागातला तो छपरांवरून उड्या मारणारा निरोप्या आता म्हातारा झालाय, रात्रीचं टपाल वाटतो, हातात कंदील. पळण्याचं बटण दाबलं की तो थांबतो, गुडघ्यावर हात ठेवतो आणि वळून आपल्याकडे बघतो. (ही नजर कुणाची उचललीस ते मामीला सांगितलेलं नाही.) मला तर खेळ पहिल्या मिनिटापासून आवडला. आयुष्यात प्रथमच एखादा नायक माझ्या वेगानं जात होता. मामी मात्र बिलं करता करता एकदम थांबली आणि म्हणाली, "अहो, हे तुम्ही आहात." मी म्हटलं, काहीतरीच. डावा पाय बाहेरून फिरवून आणणारी माणसं जगात पुष्कळ असतील. त्यावर ती म्हणाली, जरा जिन्यावर बघा. बघितलं. निरोप्या जिन्याच्या प्रत्येक टप्प्यावर थांबतो आणि लखलखीत कंदील पुसत बसतो.

खारे, मी आपल्या तिसऱ्या मजल्याचा जिना चढताना दर टप्प्यावर चष्मा पुसतो, तो गुडघा दुखतो हे कुणाला कळू नये म्हणून. हे माझं गुपित आहे असं मी इतकी वर्षं समजत होतो. कॉलेजला असताना तू आमच्याकडे राहायचीस, माझ्या मागून वर यायचीस, पण तुझं कुठे लक्ष असायचं? तुझ्या बुटाची नाडी दर टप्प्यावर सुटायची. (पोरीला साधी गाठ मारायला शिकवलं नाहीस, असं मी ताईला सुनावलंही होतं.)

यानंतर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. एक गिऱ्हाईक आलं, मोटार शिकवणारा मास्तर, अंगात तुमच्या पहिल्या भागाचं चित्र असलेला शर्ट. डोळे तपासायला बसवला तर टीव्हीकडे बोट करून म्हणतो, "काका, हे कशाला लावलंय? पार वाट लावली खेळाची. असं कुठलं माणूस चालतं का?" त्याचा जुना चष्मा माझ्या खिशात होता आणि नाकावर तपासणीची जड फ्रेम, त्यामुळे तो पळून जाऊ शकत नव्हता. मी एकेक काच बदलत होतो आणि तुझ्या खेळाची बाजू मांडत होतो. अक्षरं आता स्पष्ट दिसतात का, आणि म्हातारपण दाखवणं हा गुन्हा आहे का, असे दोन्ही प्रश्न मी एकाच दमात विचारत होतो. तो बिचारा दोन्हीला हो म्हणत गेला. या भरात मी त्याची उजव्या डोळ्याची काच डावीकडे बसवली आणि डावीची उजवीकडे. दुसऱ्या दिवशी मास्तर परत आला. त्याला सगळा रस्ता कलता दिसत होता आणि शिकाऊ बाईंनी गाडी स्वतःच बाजूला घेऊन त्याला खाली उतरवलं होतं.

मी ओशाळून मागच्या खोलीत काचा बदलायला गेलो. मामीनं त्याला जुना चष्मा दिला आणि वेळ जावा म्हणून खेळ हातात ठेवला. मी नवा चष्मा ट्रेमध्ये घेऊन निघालो. मागच्या खोलीतून दुकानात यायला दोन पायऱ्या आहेत, तुला ठाऊकच आहे. तिथं मी सवयीनं थांबलो आणि चष्मा पुसला. मास्तरनं टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, पुन्हा टीव्हीकडे पाहिलं. त्याच्या हातातलं बटण दाबायचं राहून गेलं. उठून त्यानं ट्रे माझ्या हातातून घेतला आणि जाताना एवढंच विचारलं, की हे ज्यांनी केलं त्या तुमच्या कोण? मी म्हटलं, भाची. हे सांगताना माझा आवाज जरा वर गेला, तो अभिमानानं गेला.

म्हणून सांगतो, लोक चिडलेत ते तुझं काम वाईट आहे म्हणून नाही. त्यांना अजून पळता येतं. थोडं थांब, येतील.

तुझा,
मामा

ता. क. गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय. नंतर मी सरळ चालेन म्हणे. डॉक्टर खूश आहेत. मामी मात्र म्हणाली, मग जिन्यात तुम्हीच आहात हे मला आतून पावलांवरून कसं कळणार?

ता. क. २ : तुम्ही चाल बदललीत की ती यंत्रात आपोआप येते असं मास्तरनं सांगितलं. त्या क्षणी मामीनं इंटरनेटची वायर उपटून आपल्या कपाटात ठेवली. म्हणून हे पत्र.

ता. क. ३ : खरं म्हणजे खेळाचं तुला पटेल ते कर. चाल ठेव किंवा काढ, नोकरीही सोड. ऑपरेशनच्या आधी एकदा ये मात्र. मला भीती वाटते आहे. एकदा या पायानं तुझ्याबरोबर जिना चढायचा आहे. मी चष्मा पुसेन, तू नाडी बांध.