चोराने पाठवलेली आठवण

चिक्कडपल्ली, हैदराबाद
ऑगस्ट २००४

चि. शशिकांत यास दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझी शुगर, कविताचे गुडघे आणि मलकपेठेतलं नळाचं पाणी या तिन्हींची खुशाली कळवणे. इकडे इंदुमती ठीक, माझं पोट नेहमीसारखंच, आणि माझी ईमेलची पेटी चोराने पळवली. त्याचीच ही रामकहाणी.

आमच्या गिरीशने ज्या बड्या अमेरिकन कंपनीकडे मला ईमेल काढून दिलं होतं ना, तिच्या नावाने मेल आली. प्रिय ग्राहक, आपली पेटी आज बंद होत आहे, ताबडतोब पासवर्ड कळवा. आता तूच सांग, सचिवालयात जन्म घालवला, पण मला 'प्रिय' म्हणणारा एक कागद कधी आला नाही. (आले ते सगळे 'खुलासा करावा' म्हणणारे.) मी विरघळलो रे! शिवाय आलेल्या कागदाला उत्तर दिल्याशिवाय मला घास उतरत नाही, हे तुला ठाऊक आहे. इंदुमती आमटी गार होतेय म्हणून ओरडत होती, आणि मी विषय, संदर्भ, महोदय असं सगळं रीतसर घालून पासवर्ड सादर केला. वर त्यांनी न मागितलेली जन्मतारीख, हुद्दा आणि आईचं माहेरचं आडनावही जोडलं, उगाच पुन्हा विचारणा नक्को म्हणून.

संध्याकाळी गिरीश हायटेक सिटीतून आला आणि कपाळाला हात लावून बसला. म्हणे खरी कंपनी कधी पासवर्ड मागत नाही. खोटी असते ती नाव न घेता 'प्रिय ग्राहक' म्हणते, घाई करते, आणि तिच्या पत्त्याला भलतंच शेपूट असतं, तेवढं तरी बघायचं ना अप्पा! मी म्हटलं, अरे, शेपूट तर आपल्याही पत्त्याला आहे, 'पिठाच्या गिरणीमागे, दातांच्या डॉक्टरांच्या वर.' पोरगा हसला नाही. तोवर चोर पेटीत शिरून, कुलूप बदलून, माझ्या नावाने झाडून सगळ्या नातलगांना लिहीत सुटला होता.

म्हणजे तुलाही. तुझी रोज आठवण येते, तुझं गोड कुटुंब कसं आहे, सोबतचा फोटो उघडून पाहा. तू फोटो उघडायला गेलास, तुझा कंप्युटर बसला, आणि तरी तू कविताच्या हाती गोंगुऱ्याचं लोणचं आणि निरोप पाठवलास, की दादाला सांग, फोटो काही दिसला नाही, पण वाचून रडलो. आमच्या मेघनाच्या लग्नात बगारे बैंगन करायचे की मसालेभात, यावरून आपलं बोलणं बंद झालं ते आजवर. (चूक कोणाची ते उकरत नाही. तुझी होती.) कविता दारात उभी, तिच्या डोळ्यांत पाणी, आणि माझ्या तोंडून खरं काही निघेना. बरणी घेतली आणि आत नेऊन ठेवली.

शशी, ते मी लिहिलं नव्हतं. मन खातंय म्हणून कळवतो. गिरीश म्हणाला, काकाने ओळखायलाच हवं होतं, अप्पा असं कधी लिहितात का? पेटी गेली त्याचं एवढं वाटलं नाही, पण हे फार लागलं. सख्ख्या भावाला जे मी म्हणायचं ते कुठल्याशा चोराने म्हणावं!

कविताला आशीर्वाद सांग. फार लिहवत नाही.

तुझा दादा,
बाळकृष्ण

ता. क. लोणचं परत मागू नकोस, अर्धं संपलं. रविवारी दोघं जेवायला या. इंदुमती बगारे बैंगन करणार आहे. मी हरकत घेतलेली नाही.

पुन्हा ता. क. चोराचा तोच मजकूर गिरीशलाही आलाय, तो मी नीट वाचून पाहिला. फोटोचं सोडून दे. आठवणीचं वाक्य मात्र बरोबर आहे, ते माझ्या सहीने लिहिलं असं समज. आता हे पत्र तरी दादाचंच कशावरून, असं तुला वाटेल. तर ही खूण घे: लोणच्यात मीठ जास्त पडलंय.