घरात माणसं चार

कोपरी, ठाणे (पूर्व)
रविवार, २० ऑक्टोबर

तीर्थरूप मंजुळाताईस,

धाकट्या महेंद्रचा सविनय जय भीम. तुझा गुडघा काय म्हणतो? शिवराम भाऊजींचा खोकला कमी आहे का? (विड्या सोडल्यात असं त्यांनी तुला सांगितलं असेल. मला कळवू नकोस, माझा विश्वास बसणार नाही.) माझी तब्येत ठणठणीत आहे. साखर थोडी वर, वजन थोडं खाली, बाकी सगळं नॉर्मल. फोनवर मी "बरं चाललंय"च्या पुढे जात नाही आणि तू "जेवलास का"च्या पुढे जात नाहीस, म्हणून हे पत्र. कागद माझ्या प्रोजेक्टचे उरलेले आहेत. मागच्या बाजूला कचऱ्याचे आकडे दिसले तर वाचू नकोस, ते खोटे आहेत. ते खोटे का, हेच सांगायला बसलोय.

तर ताई, मी जुलैपासून कॉलेजला जातो. हसू नकोस. एम.एस्सी., पर्यावरणशास्त्र आणि व्यवस्थापन, कोर्स दोन वर्षांचा. झालं असं, की दर्शना गेल्यापासून राजरत्न बंगलोरहून रोज फोन करून सांगायचा, पप्पा, स्वतःला कशाततरी गुंतवा. म्हणून मी आधी बागेतल्या हास्यक्लबला गेलेलो. तिथे शिट्टी वाजली की हात वर करून हसायचं. तीन दिवस हसलो. चौथ्या दिवशी शेजारचे गृहस्थ हळूच म्हणाले, साहेब, तुमचं हसणं बघून मला रडू येतं, तुम्ही जरा मागच्या रांगेत उभे राहता का? मग पेपरात ही जाहिरात दिसली. वयाची अट नव्हती (साठीतला कुणी येईल हे त्यांच्या डोक्यातच आलं नसणार) आणि बी.एस्सी.चं सर्टिफिकेट माझ्याकडे होतं. राजरत्नला पंधरा दिवसांनी सांगितलं, तर तो म्हणाला, पप्पा, मी योगा वगैरे म्हणत होतो.

पण खरं कारण वेगळं आहे, ते तुला आजवर कधी बोललो नाही. कोलशेतच्या कंपनीत मी सत्तावीस वर्षं सांडपाण्याच्या प्लान्टवर होतो. (तू गावात "महेंद्र पाणीखात्यात आहे" म्हणून सांगायचीस आणि लोक मला नळाच्या कनेक्शनसाठी चिठ्ठ्या पाठवायचे.) तपासणीचे साहेब यायचे त्या दिवशी आम्ही नमुन्याच्या बाटलीत अर्धं नळाचं पाणी घालायचो. हुकूम वरून यायचा, पण कागदावर सही माझी. खाडीला ते पाणी बाटलीतल्यासारखं अर्धं करून कोण देणार होतं? आता ती कंपनी नाही, तिथे टॉवर झालेत आणि खाली कारंजं उडतं. रिटायर झाल्यावर वाटलं, आयुष्यात एकदा तरी आकडा खरा लिहायला शिकावं. पुढे काय झालं ते वाचून तू कपाळाला हात लावशील.

आमचा विभाग घोडबंदर रोडला आहे. बस ट्रॅफिकमध्ये एवढी थांबते की वायुप्रदूषणाचा अख्खा धडा माझा जातानाच होतो. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो तर बावीस मुलं-मुली उठून उभी राहिली. मी बसा म्हटलं. (दुसरं काय म्हणणार?) ती बसली आणि वह्या उघडून माझ्याकडे बघत राहिली. मी मागच्या बाकाकडे निघालो तेव्हा त्यांना वाटलं, सर मागून शिकवणार. सगळ्यांनी माना वळवल्या. तेवढ्यात रसिका मॅडम आल्या. त्या आमच्या प्राध्यापक, वय तिशीच्या जरा पुढे. त्यांना वाटलं मी विद्यापीठाच्या कमिटीतून आलोय, त्यांनी चहा मागवला. चहा अर्धा झाल्यावर मी फीची पावती दाखवली. तेव्हापासून त्या मला सर म्हणतात, मी त्यांना मॅडम म्हणतो, आणि कोण कोणाला शिकवतंय हे नवख्या शिपायाला अजून कळलेलं नाही.

मुलं वाईट नाहीत, ताई. दार उघडून धरतात, लिफ्टमध्ये आधी जाऊ देतात. पण मी आलो की बोलणं थांबतं आणि सगळे एकदम मोबाइलमध्ये बघतात. वर्गात आम्ही तेवीस. प्रोजेक्टला जोड्या करायच्या होत्या. अकरा जोड्या झाल्या आणि मी उरलो. मॅडम म्हणाल्या, सर, तुम्ही अनुभवी आहात, एकटे करू शकाल. मी म्हटलं, हो, सवय आहे.

प्रोजेक्ट असा, की आपल्या घरचा कचरा सात दिवस वजन करायचा. ओला वेगळा, सुका वेगळा, औषधं-बॅटऱ्या वेगळ्या, रोज फोटो काढायचे आणि तक्ता भरायचा. मी ऑगस्टमध्ये अगदी मन लावून केला. चहाचा चोथा, दोन अंड्यांची टरफलं, कांद्याची सालं, एक दुधाची पिशवी. झालं. इतरांची बादली भरायची आणि माझा काटा हलायलाच तयार नसायचा. दोन वेळा मी सेल बदलले. तक्त्यात "घरातील व्यक्ती" हा रकाना माझ्याकडून मोकळा राहिला. राहिला म्हणजे, मी ठेवला.

मॅडमनी सगळ्यांचे आकडे पडद्यावर लावले. माझा सगळ्यात खाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तुला सांगतो, दर्शनानंतरच्या सव्वा वर्षात माझ्यासाठी कुणी काही वाजवलं नव्हतं, दारावरची बेलसुद्धा. मॅडम इतक्या खूष, की सप्टेंबरात विभागाने घोडबंदर रोडच्याच एका मोठ्या सोसायटीत कार्यक्रम ठेवला त्यात मला बोलायला उभं केलं. बत्तीस मजल्यांचा टॉवर, समोर साठ-सत्तर बायका-पुरुष. मी कमी कचऱ्यावर पाच मिनिटं बोललो. (काय बोललो ते आठवत नाही, पण "मोजकंच शिजवावं" हे चारदा म्हणालो.) मग एक बाई फार आपुलकीने म्हणाल्या, "काका, कौतुक आहे हो! घरात माणसं किती?"

ताई, माझ्या तोंडातून गेलं, "चार."

का गेलं विचारू नकोस. त्या एवढ्या लोकांसमोर एक म्हणायला जीभ उचलेना. मॅडमनी तिथेच माझ्या आकड्याला चारने भागलं. दरडोई तेवीस ग्रॅम! असा आकडा त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. लगेच ठरलं, की विभागाच्या पुस्तिकेत "एका आदर्श कुटुंबाची नोंद" म्हणून माझा तक्ता छापायचा, आणि खात्रीसाठी महिनाअखेर सगळ्यांनी पुन्हा सात दिवस वजन करायचं.

आता चार माणसांचा कचरा मी आणू कुठून? सगळे आठ दिवस आधी विचार करतात कचरा कमी कसा करावा, मी वाढवायच्या मागे लागलो. मुद्दाम भाजी जास्त आणली, तर ती टाकवेना. दर्शनाच्या हाताखाली तीस वर्षं काढलेला माणूस मी, कोथिंबिरीची काडीपण फेकायला घाबरतो. शेवटी शेजारच्या हौसाबाईंकडे गेलो. त्यांच्या घरी सात माणसं, त्यात सहा महिन्यांची नात. म्हटलं, बाई, तुमचा कचरा रोज मला द्याल का? त्यांनी काही न विचारता पिशवी दिली. दुसऱ्या दिवशीही दिली. तिसऱ्या दिवशी पिशवीबरोबर झाकलेलं ताट घेऊन दारात उभ्या. डोळ्यात पाणी.

"महेंद्रभाऊ, मागायचं तर ताटातलं मागा. पिशवीतलं कशाला?"

मी काय समजावणार? विद्यापीठ म्हटलं असतं तर त्यांना आणखी वाईट वाटलं असतं. मी ताट घेतलं. सुकट होती, तांदळाची भाकरी होती. इतकी चव होती की मी कचऱ्याचं वजन करायचंच विसरलो. सात दिवस ताट येत राहिलं आणि सात दिवस मी हौसाबाईंचा कचरा निवडत राहिलो. मेथीच्या काड्या, कोळंबीची सालं, केसांच्या डायची ट्यूब, बाहुलीचा एक हात, आणि बाळाचे ते डायपर. सगळं मी प्रामाणिकपणे तक्त्यात उतरवलं. प्रामाणिकपणे हा शब्द इथे शोभत नाही, पण वजनं बरोबर होती.

चार दिवसांनी मॅडमच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. तिथे अक्षदा नावाची आमच्या वर्गातली मुलगी कॉम्प्युटरवर सगळ्यांचे आकडे भरत बसलेली. डोंबिवलीची आहे, बारीक अंगाची, पण नजर कस्टमच्या साहेबासारखी.

"घरात बाळ आहे का, सर?" मॅडमनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

"अरे वा. केवढं?"

मला बाहुलीचा हात आठवला आणि मी म्हणालो, "सातवीत आहे."

अक्षदाची बोटं की-बोर्डवर थांबली. मॅडमनी माझा तक्ता पुढे ओढून पुन्हा वाचायला घेतला. ताई, कंपनीत साहेब लोक बाटली उजेडात धरायचे तेव्हा माझी पाठ अशीच भिजायची. पण तेव्हा मागे मॅनेजर उभा असायचा. इथे कुणी नव्हतं.

"मॅडम, घरात मी एकटाच असतो," मी म्हटलं. "चार म्हणजे मी, मुलगा, सून आणि दर्शना. मुलगा-सून बंगलोरला. दर्शना नाही."

तक्ता मिटून मॅडम म्हणाल्या, "लोक स्वतःचा कचरा लपवतात, सर. शेजारचा उसना आणणारे तुम्ही पहिलेच." मला वाटलं हसतील, हसल्या नाहीत. तक्ता रद्द. पुस्तिकेतलं पान काढायचं. मी पुन्हा सात दिवस मोजायचं आणि कुणीतरी रोज येऊन सही करायची. पुस्तिकेतलं पान गेलं हे वर्गाला त्या सांगणार होत्या. मी म्हटलं, मी सांगतो.

दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर उभा राहिलो. म्हटलं, मुलांनो, माझा आकडा खोटा होता. माझा कचरा कमी आहे कारण घरात जेवणारा मी एकटा आहे, यात आदर्श काही नाही. आणि मग, कोण जाणे कसं, ती नळाच्या पाण्याची गोष्टही सांगितली. सत्तावीस वर्षं, सह्या, सगळं. कुणी टाळी वाजवली नाही. मला बरं वाटलं. गुण मात्र कापले, वीसपैकी अकरा. नियमाने कापले, तक्रार नाही.

सही करायला अक्षदा यायची. कोपरी स्टेशनला लागूनच, तिला घरी जाताना सोयीचं. पहिल्या दिवशी सहाच्या ठोक्याला आली, दारातच काटा मागितला, वजन घेतलं, सही केली, गेली. पाणीसुद्धा नाही घेतलं. तिसऱ्या दिवशी चहा घेतला, पण तिच्या वाट्याचा चोथा वेगळा काढून वजा केला. पाचव्या दिवशी मी पोहे केले. (दर्शना करायची तसे नाही जमले, चिकट झाले.) तिने सगळे खाल्ले आणि म्हणाली, "काका, मीठ विसरलात." एवढं बोलून ती बराच वेळ बसली. तिचे वडील दुबईला असतात, आई नोकरी करते, घरी आठपर्यंत कुणी नसतं, असं कळलं. म्हटलं, मग तू वर्गात एवढी बडबड करतेस ती? म्हणाली, ती तिथे करून घेते.

सातव्या दिवशी शेवटची सही झाली. खरा आकडा निघाला रोजचा चौऱ्याण्णव ग्रॅम. तिने कागद फाइलमध्ये ठेवला, "बाय काका" म्हणाली आणि जिना उतरली. आठव्या दिवशी सहाला मी दोन कप चहा ठेवला. गॅस बंद करताना लक्षात आलं. एक कप मी प्यायलो, दुसरा बेसिनमध्ये ओतला. त्याची नोंद कुठे करायची नव्हती.

असो. हौसाबाईंना मी सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं. ताट पाठवणं त्यांनी बंद केलं, आणि मलाही ते मागायचं तोंड राहिलं नव्हतं. अभ्यास बरा चाललाय. डिसेंबरात परीक्षा आहे. भाऊजींना नमस्कार सांग, पोराटोरांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल लाव. मी मजेत आहे, काळजी करू नकोस.

तुझा धाकटा,
महेंद्र

ता.क. — एक काम होतं. पुढच्या सत्रात आम्हाला गावाकडच्या वयस्कर माणसांची मुलाखत घ्यायची आहे, पूर्वी घरात काय काय टाकलं जायचं यावर. मी तुझं नाव दिलंय. त्यासाठी तुला आठ-दहा दिवस ठाण्याला येऊन राहावं लागेल. विषय मोठा आहे, घाईत होणार नाही. माणगावहून सकाळच्या एसटीत बस, मी खोपटच्या स्टँडवर येतो.

आणखी ता.क. — मुलाखत फोनवरही चालते. अर्ध्या तासाचं काम आहे. मी मॅडमना विचारलंय. तरी ये.