वैशाखातला मुहूर्त आणि माझ्या नडग्या

मुक्काम कल्याण, माघ वद्य तृतीया, शके १८१७

वेदशास्त्रसंपन्न सहदेवशास्त्री जोशी, मुक्काम वसई, यांसी पाठशाळेतल्या त्र्यंबकाचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार मनानेच घातला आहे, गुडघे वाकत नाहीत.) तुझा दमा कसा आहे? वहिनींची दाढ? इकडे सर्व कुशल, असे लिहायची रीत आहे म्हणून लिहिले.

आमच्या गोदीच्या लग्नाची बोलणी पुरी करायला ठाण्याला जाण्यासाठी तू पंचांग पाहून बुधवार काढून दिलास. नवाच्या आत उंबरा ओलांड म्हणालास, ओलांडला. विठ्ठलपंतांच्या (होणारे व्याही, माणूस भला, आवाज मोठा) दारात पोचलो तर ते स्वतः तांब्या घेऊन माझ्या पायांवर पाणी घालायला पुढे आले. मी धोतर वर धरले आणि पाणी थांबले. पंधरा दिवसांपासून माझ्या नडग्यांवर तांबडे-जांभळे ठिपके उठले होते, बोट फिरवले तर मोहरी लागावी असे. उष्णता असेल म्हणून मी ते धोतराखाली ठेवून दिले होते. दारात पाय धुतात, हे पन्नास वर्षे दारोदार पाय धुवून घेतलेल्या मला आठवले नाही!

आतून विहीणबाई म्हणाल्या, "अहो, पाणी संपलं का?" विठ्ठलपंत म्हणाले, "पाणी आहे, पण व्याह्यांचे पाय..." आणि पुढचा शब्द त्यांनी गिळला. तो कोणता, हे ओटीवरच्या सर्वांना कळले. महारोग्याच्या मुलीला कोण करून घेणार? माझे पान इतरांपासून चार हात दूर मांडले गेले. गुळाची पोळी होती. ती काही गोड लागली नाही.

जेवणानंतर विठ्ठलपंत मला तिथल्या एका नव्या डॉक्टरकडे घेऊन गेले. ("गैरसमज नको हं, पण आमच्याही घरात पोरी आहेत.") डॉक्टर आपल्या शिष्यांच्या वयाचा. त्याने आधी माझे डोळे मिटवले आणि ठिपक्यावर टाचणी टोचली. सहदेवा, इतका शुद्ध उदात्त स्वर पाठशाळेत माझ्या तोंडून कधी निघाला नव्हता. "दुखलं! व्याह्यांना दुखलं!" असे ओरडत विठ्ठलपंतांनी मला मिठीच मारली, महारोगाच्या चट्ट्याला म्हणे टोचलेले कळत नाही. मग डॉक्टरने ठिपक्यावर काच दाबून धरली. नुसती लाली असती तर काचेखाली फिकी पडली असती, माझी पडली नाही. याचा अर्थ बारीक रक्तवाहिन्या सुजून पाझरताहेत आणि रक्त कातडीखाली येऊन बसले आहे. हे कोणाला लागत नाही, एवढे ऐकून विठ्ठलपंत निघालेच होते, तेवढ्यात डॉक्टरने मला बाटली दिली.

जानवे कानाला अडकवून, पडद्याआड, अरुंद तोंडाच्या बाटलीवर नेम धरून मी उभा राहिलो. (गुरुजींनी सगळी शास्त्रे शिकवली, एवढे राहून गेले.) बाहेरून विठ्ठलपंत दर घटकेला विचारीत, "झालं का हो, व्याही?" अशाने कोणाचे होते? शेवटी कंटाळून ते विहीणबाईंना आनंदाची बातमी सांगायला घरी गेले, तेव्हा कुठे झाले.

मग डॉक्टरने ते काचेच्या नळीत घालून दिव्यावर उकळले, वर आम्लाचे दोन थेंब सोडले, आणि सूक्ष्मदर्शक यंत्रातूनही बराच वेळ पाहिले. सध्या मी कल्याणास पाय उशीवर ठेवून पडून आहे. मीठ बंद, दूध चालू. कंटाळा आला आहे. लग्न मात्र ठरले. वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

तुझा,
त्र्यंबक

ता. क. वैशाखातला तो मुहूर्त, बारा वर्षांत असा नाही म्हणालास तो, त्यात काहीतरी दोष काढ आणि फाल्गुनातला एक चांगलासा शोधून विठ्ठलपंतांना कळव. तुझे म्हणून कळव, माझे नाव नको. आजवर तुझ्या पंचांगाची मी थट्टा केली, ती सगळी परत घेतो.

दुसरा ता. क. उकळल्यावर नळीत पांढरा साका साकळला. मूत्रपिंडे पाझरू लागली की असे होते, यंत्रात रक्तही दिसले. डॉक्टर दर आठवड्याला उकळून पाहू म्हणतो. वैशाखापर्यंत निभेल ना विचारले, तर तो नळी विसळू लागला. घरी मी नळी पांढरी झाली एवढेच सांगितले आहे. आमची मंडळी म्हणाली, "होणारच, एवढं दूध पाजतेय मी." तिने आजपासून अर्धा शेर वाढवले आहे.